माणूस आपला की परका

जनसंपर्क अधिकारी म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जावई कारखान्यात आहेत, पण कारखान्यात काही करत नाहीत," असं ते पाहुण्यांना सांगायचे. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, एवढ्या कमी शब्दांत माझ्या नोकरीचं वर्णन मलाही जमलं नसतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखाना माल तयार करतो. मालाबरोबर धूर तयार होतो, वास तयार होतो, सांडपाणी, अपघात आणि तक्रारीही तयार होतात. माल विकायला सेल्सची माणसं असतात. बाकीच्याचं काय करायचं ते बघायला आम्ही. बातमी चांगली असली तर ती छापून आणायची, वाईट असली तर ती लहान करायची. त्यासाठी हातात एक टाइपरायटर, एक कॅमेरा आणि पत्रकारांशी ओळख. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कंपनी देते. तिसरी आपली आपण मिळवायची असते, आणि ती फक्त एकाच गोष्टीवर मिळते. आपण सांगितलेलं खरं निघालं पाहिजे.

मी मूळचा साक्रीकडचा. ऐंशीनंतर सिल्वासाला कारखाने भराभर उभे राहिले, कर माफ होता म्हणून, आणि आमच्या खानदेशातली पोरं जथ्याने तिकडे निघाली. मी टायपिस्ट म्हणून गेलो. अथालच्या पुढे एक रसायनांचा कारखाना होता. तिथे माझं मराठी बरं, इंग्रजी कामापुरतं, गुजराती कानावर पडून पडून आलेलं, आणि हिंदी सगळ्यांचीच असते तशी. एवढ्या भांडवलावर तीनेक वर्षांत जनरल मॅनेजरसाहेबांनी मला 'प्रसिद्धीचं बघा' म्हणून सांगितलं. पुढे दारावर पाटी लागली.

प्रेस नोट लिहिण्याचं एक व्याकरण असतं. 'करण्यात आले' हे आमचं सगळ्यात लाडकं क्रियापद. कोणी केलं ते सांगावं लागत नाही. 'किरकोळ' हा लाडका शब्द. गळती किरकोळ, जखमा किरकोळ, तक्रारही किरकोळच. आम्ही खोटं लिहीत नाही, शब्द निवडतो, असं मी बायकोला सांगत असे. ती म्हणायची, "भाजीवाली पण वरचे टोमॅटो निवडूनच ठेवते."

सिल्वासात तेव्हा मराठीत छापणारी जागा एकच, दिनकर सावे यांचा छापखाना. सावे डहाणूकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बारीक अंगकाठी, कायम अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि बोटांना शाई. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या, एकीत पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि दुसरीत खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे, खण. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कारखान्यांचे गेटपास हे सगळं ते छापायचे, आणि त्यातून जो वेळ उरेल त्यात एक साप्ताहिक चालवायचे. चार पानं, दर शनिवारी. तीन पानं मराठी, एक गुजराती. बातमी आणायची त्यांनी, लिहायची त्यांनी, खिळे जुळवायचे त्यांनी. जवळच्या नरोलीतल्या भाड्याच्या खोल्यांत आमची खानदेशी पोरं आठवडाभर तो अंक पुरवून पुरवून वाचायची, कारण दुसरा मराठी पेपर म्हणून जो यायचा तो वापीहून दुपारी यायचा आणि त्यात सिल्वासा नसायचंच.

आमची ओळख एका नळामुळे झाली. कंपनीने जवळच्या वारली पाड्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ बसवला. उद्घाटनाला वापीहून पाहुणे आले. मी फोटो काढला. पाहुण्यांच्या हातात तांब्या, नळातून पाणी, मागे हसणाऱ्या बाया. खरी गोष्ट अशी होती की पाइपलाइन अजून जोडलेलीच नव्हती. भिंतीमागे टँकर उभा होता आणि त्यातून पाणी सोडलं होतं. एक बाई मला म्हणाली, "साहेब, उद्या पण येल ना पानी?" मी "येईल येईल" म्हणालो आणि फोटोखाली ओळ लिहिली, 'पाड्यावर गंगा अवतरली'.

सावेंनी ते छापलं. पंधरा दिवसांनी ते सायकलवरून त्या पाड्यावर गेले, आणि तिथून थेट माझ्या ऑफिसात आले. बसले नाहीत.

"देवरे, नळ कोरडा आहे."

मी म्हणालो, "हो."

"त्या दिवशी पाणी कुठनं आलं?"

मला थाप मारता आली असती. काय झालं कोण जाणे, मी टँकरचं सांगून टाकलं. सावे खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आता आपलं असं ठरवू. मी जे विचारणार नाही, ते तुमचं तुमच्यापाशी. तुम्ही पगार घेता, तुम्हाला कंपनीचं झाकावं लागणार. पण मी समोर बसून सरळ विचारलं, तर खरं सांगायचं. नाहीतर 'सांगता येत नाही' म्हणायचं. मी समजून घेईन. फक्त खोटं सांगायचं नाही. माझ्याकडे बातमी तपासायला दुसरा माणूस नाही."

मी हो म्हणालो. साहेबांच्या मागे लागून महिन्याभरात पाइपलाइन जोडून घेतली. सावेंनी तेही छापलं, आधीची चूक कबूल करून. तेव्हापासून सहा-सात वर्षं मी दिलेली नोट ते स्वल्पविराम न बदलता छापत आले. सिल्वासात मला मान होता तो यामुळे. आजूबाजूच्या कारखान्यांचे प्रसिद्धीवाले विचारायचे, "तुम्ही सावेला काय देता?" मी काहीच देत नव्हतो. फक्त खोटं सांगत नव्हतो. एवढं स्वस्तात मिळालेलं दुसरं काही मला आठवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. इथपर्यंत आलं की माझी लेखणी अडखळते, म्हणून सरळ सांगून टाकतो.

नव्वदनंतरचं एखादं-दुसरं वर्ष असेल. उन्हाळा होता. दुपारी दोनच्या सुमाराला कारखान्याच्या मागच्या विभागातून धप्प असा आवाज आला. स्फोट वगैरे म्हणण्यासारखा नाही, मोठं भांडं वरून पडावं तसा. एका टाकीचं झाकण दाबाने उडालं होतं. मी कॅमेरा न घेता धावलो. सवयीने घेतला नाही, अपघाताचे फोटो आम्ही काढत नसू. मी पोचलो तेव्हा एका माणसाला जीपमध्ये चढवत होते. तोंडावर कोणाचा तरी पंचा टाकला होता. पाय बाहेर राहिले होते. पायांत गुडघ्यापर्यंतचे पिवळे गमबूट होते, आमच्या कंपनीचे. त्या बुटांवर कंपनीचा शिक्का असायचा. तो मी पाहिला.

माणूस दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. सुकलाल त्याचं नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, शिंदखेडा तालुक्यातला, नरोलीला चौघांत एक खोली घेऊन राहणारा.

तीन वाजता साहेबांनी बोलावलं. ते उत्तरेकडचे, आवाज कधी न चढवणारे. टेबलावर हजेरीपट उघडा होता.

"देवरेजी, ये देखिए. इस नाम का कोई आदमी हमारे यहाँ है?"

मी पाहिलं. नव्हतं.

"तो लिखिए, बाहर का आदमी था. बिना इजाज़त अंदर आया."

हजेरीपटात नाव नसणारच. त्या विभागात सगळी माणसं कंत्राटदाराची होती. हे साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, गेटवरच्या वॉचमनला ठाऊक होतं. मी एवढंच विचारायला हवं होतं, की साहेब, कंत्राटदाराचं रजिस्टर कुठे आहे? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळाल्यावर मला ती नोट लिहिता आली नसती. माझी मुलगी तेव्हा सिल्वासातच नववीत होती, कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. हिशेब तेव्हा डोक्यात झालासुद्धा नाही. हात आपोआप टाइपरायटरवर गेले. 'सदर व्यक्ती कारखान्याची कामगार नसून तिने आवारात अनधिकृतपणे प्रवेश केल्याचे आढळून आले.' आढळून आले. कोणाला, ते नाही.

चारला सावे आले. नोट वाचली, घडी घातली, खिशात ठेवली नाही. हातातच धरून म्हणाले, "देवरे, आता मी विचारतोय. माणूस आपला की परका?"

मागे दार उघडं होतं. पलीकडच्या खोलीत साहेब फोनवर बोलत होते, त्यांचा आवाज येत होता. माझ्याकडे एक वाक्य होतं, आमच्यात ठरलेलं. 'सांगता येत नाही.' ते म्हटलं असतं तर सावेंनी निमूटपणे मान हलवली असती आणि नरोलीला जाऊन चार लोकांना विचारलं असतं. माझ्या नोकरीलाही धक्का लागला नसता. हे वाक्य मला आजही पाठ आहे. त्या दिवशी ते तोंडातून आलं नाही.

"परका," मी म्हणालो.

त्यांनी घडी खिशात ठेवली आणि सायकल घेऊन गेले.

माझ्या नोटेचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आपण लिहितो तेवढंच छापून येतं. तीच नोट मी एका गुजराती दैनिकाच्या वार्ताहराला दिली होती. त्याने 'अनधिकृत प्रवेश' वाचलं आणि त्याला ते बेचव वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पेपरात आलं, 'चोरीच्या इराद्याने शिरलेल्या इसमाचा मृत्यू'. सावेंनी शनिवारी माझं वाक्य जसंच्या तसं छापलं, चोर हा शब्द न वापरता. पण नरोलीच्या खोल्यांमध्ये तोवर दोन्ही पेपर पोचले होते, आणि वाचणाऱ्याने दोन्हींची बेरीज केली. शिंदखेड्याकडे जाणाऱ्या कोणी तरी ती बेरीज गावालाही पोचवली.

बाराव्या-तेराव्या दिवशी गेटवरून फोन आला. "देवरेसाहेब, तुमच्याकडचे कोणी म्हातारबाबा आलेत. आमचं ऐकत नाहीत. तुमच्या भाषेत समजवा."

गेटवर सुकलालचे वडील उभे होते. डोक्याचे केस नुकते उतरवलेले, धोतर, हातात कापडी पिशवी. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "तू कोठला शेस रे भाऊ?"

मी अहिराणीतच सांगितलं की साक्रीकडचा. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझा हात धरून म्हणाले, "मंग तू आमनाच शेस."

मी त्यांना सावलीत बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून सावेंच्या अंकातलं कात्रण काढलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ ते बोटाने अचूक दाखवता येत होतं. म्हणाले, "दहावाले गावना चार मान्सं बी उनात नही." पोराच्या दहाव्याला गावातली चार माणसंसुद्धा आली नाहीत. सुनेला माहेरचे घेऊन गेले. धाकटीचं जमलेलं लग्न पुढे ढकललं. नुकसानभरपाईचं ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "छापाले सांग. मना आंडोर चोर नव्हता." आंडोर म्हणजे मुलगा.

मी म्हणालो, "आप्पा, चोर असं आम्ही लिहिलेलं नाही. अनधिकृत असं लिहिलंय."

"त्याना अर्थ काय व्हस?"

सात-आठ वर्षं शब्द निवडायचं काम करणाऱ्या मला त्या शब्दाचा अर्थ अहिराणीत सांगता येईना. अहिराणीत कसला, मराठीतही येईना.

मग मी जे केलं ते त्या 'परका'पेक्षाही वाईट होतं, असं मला वाटतं. मी म्हणालो, "आप्पा, हे सावेंनी छापलंय. त्यांच्याकडे जा." आणि बाजारामागच्या गल्लीचा रस्ता नीट समजावून सांगितला. वॉचमनला त्यांना शेअर जीपमध्ये बसवून द्यायला सांगितलं. म्हातारा जाताना मला आशीर्वाद देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावे आले. त्यांच्या हातात आमच्या कंपनीची गृहपत्रिका होती. वर्षातून दोनदा मी ती काढायचो, छपाई सावेंकडेच. मधलं पान उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. सुरक्षा सप्ताहाचा फोटो होता. तीन रांगांत माणसं, डोक्यावर हेल्मेट, उजवा हात वर. तिसऱ्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्याखाली सावेंनी पेन्सिलीने बारीक खूण केली होती. बाजूला त्यांनी एक लग्नातला फोटो ठेवला. म्हाताऱ्याने तो त्यांच्याकडे दिला होता. नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्या होत्या आणि डाव्या भुवईत आडवी खोक. हेल्मेटखालच्या भुवईतही तीच खोक.

"या फोटोचा ब्लॉक मी मशीनवर चढवलाय," सावे म्हणाले. "दोनशे वेळा हा चेहरा माझ्या हाताखालून गेलाय. काल म्हाताऱ्याने पिशवीतून फोटो काढला आणि मी ओळखला. तुम्ही ओळखला नसेल, हे मी समजू शकतो. साठ माणसं आहेत. पण खालची ओळ वाचा."

ओळ मीच लिहिली होती. 'आमची माणसं, आमचा अभिमान.'

"मी तुम्हाला काय विचारलं होतं, देवरे?"

 गमबुटांचं सांगावं असं एकदा मनात आलं, पण ते सांगून काय होणार होतं? न ओळखण्याची जी सवलत ते मला देत होते, तीही गेली असती. मी ती सवलत घेतली.

"मी हे छापणार," ते म्हणाले. "हा फोटो, आणि माझी चूक."

मला इथे लिहायला लाज वाटते, पण मी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "माझं नाव?"

सावेंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. एखादा शब्द आपण इतकी वर्षं चुकीचा जुळवत होतो हे लक्षात आल्यावर ते खिळ्यांकडे बघायचे तसं. "बातमी देणाऱ्याचं नाव मी सांगत नाही," ते म्हणाले. "खोटी दिली तरी नाही. तो माझा नियम आहे, तुमच्यासाठी केलेला नाही."

शनिवारी पहिल्या पानावर चौकट आली. 'गेल्या पंधरवड्यात या पत्राने सुकलाल यांना परका म्हटले. ते खोटे होते. ते याच कारखान्यात काम करत होते आणि काम करताना गेले. आम्ही चौकशी न करता छापले, ही चूक सर्वस्वी संपादकाची आहे.' खाली सुरक्षा सप्ताहाचा फोटो. 'करण्यात आले' नाही, 'आढळून आले' नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीने त्यांच्याकडचं छपाईचं सगळं काम काढून वापीला दिलं. ते पत्र मलाच टाइप करावं लागलं. इतर दोन-तीन कारखान्यांनीही तेच केलं, कोणी न सांगता.

प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेलं. चौकशी अधिकारी शांत, सरळ माणूस होता. एका टेबलाभोवती आम्ही बसलो होतो. कंपनीचे वकील, त्यांच्याशेजारी मी, समोर सावे, आणि भिंतीलगत बाकावर म्हातारा. वकिलांनी पहिला अंक पुढे केला. याच संपादकाने आधी माणूस परका म्हणून छापलं होतं, तर आता कशावर विश्वास ठेवायचा?

अधिकाऱ्यांनी सावेंना विचारलं, "पहिली माहिती तुम्हाला कोणी दिली?"

"ते मी सांगणार नाही," सावे म्हणाले.

"सांगितलंत तर तुमची बाजू बळकट होईल."

"माझी बाजू नाही साहेब. बाजू या म्हाताऱ्याची आहे. फोटो बघा. फोटो खोटं सांगत नाही."

"म्हणजे चूक तुमची असं नोंदवू?"

"नोंदवा."

आमच्यात चार हातांचं अंतर होतं. मी हात वर केला असता, एक वाक्य बोललो असतो, तर त्या खोलीतलं सगळं बदललं असतं. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिलो. सावेंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. नजर चुकवली असंही नाही. त्यांच्या दृष्टीने त्या खुर्चीवर कोणी नव्हतंच.

निकाल फोटोमुळे बराचसा म्हाताऱ्याच्या बाजूने लागला. मयत हा कंत्राटदारामार्फत कामावर होता, असं लिहून मिळालं. कंपनीने जबाबदारी कंत्राटदारावर टाकली. कंत्राटदाराने काही तरी देऊन मिटवलं. किती, ते मी विचारलं नाही. गुजराती दैनिकाने एक ओळही दुरुस्त केली नाही.

गावाला परतण्याआधी म्हातारा पुन्हा गेटवर आला. हातात तो सरकारी कागद होता. मला म्हणाला, "भाऊ, वाची दखाड." मी वाचून दाखवला. 'मयत इसम हा घटनेच्या वेळी आवारात कंत्राटी कामावर हजर होता.' त्याने नीट ऐकलं. मग विचारलं, "यामा तो चोर नव्हता आसं लिखेल शे ना?"

तसं त्यात लिहिलेलं नव्हतं. सरकारी कागदात तसं लिहीत नाहीत.

"हो आप्पा," मी म्हणालो. "लिखेल शे. आठेच शे." आणि त्याचं बोट धरून एका ओळीवर ठेवलं.

त्याने कागदाची घडी केली, कपाळाला लावली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. गावात गेल्यावर कोणी शिकलेल्या माणसाने तो कागद वाचला असेल का, आणि त्या ओळीवर काय आहे हे त्याला सांगितलं असेल का, हा विचार मी अजून करतो. माझ्या सगळ्या खोट्यांमध्ये हे एकच मी दुसऱ्यासाठी बोललो. तेही टिकण्यासारखं नव्हतं.

सावेंचं साप्ताहिक त्यानंतर वर्षभर रडतखडत चाललं. पानं चाराची दोन झाली, शनिवारचा रविवार झाला, मग एक दिवस खिळ्यांचे खण भंगारवाल्याकडे गेलेले मी बाजारात ऐकलं. त्यांचा छापखाना होता तिथे पुढे ऑडिओ कॅसेटचं दुकान निघालं. माझं उलट झालं. मला बढती मिळाली. वापी-दमणच्या कारखान्यांच्या बैठकांना मला 'प्रसारमाध्यमांशी संबंध' या विषयावर बोलायला बोलवत. मी छान बोलायचो. विश्वास हेच आपलं भांडवल, असं म्हणायचो आणि लोक ते वहीत लिहून घ्यायचे.

पाच-सहा वर्षांनी, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, मी सावेंच्या गावी गेलो. डहाणूपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. घर चिकूच्या वाडीत होतं. सावे ओट्यावर बसून चिकू निवडत होते. बोटांची शाई गेली होती, त्यामुळे हात दुसऱ्याच कोणाचे वाटत होते. मला बघून उठले. "या या देवरे," म्हणाले. मनापासून म्हणाले. सूनबाईंनी चहा दिला. मुलगी काय करते, क्वार्टर सोडलं का, सिल्वासात आता किती कारखाने झाले, सगळं विचारलं.

मी शेवटी बोललो. गमबुटांसकट सगळं सांगितलं. त्या दिवशी मला ठाऊक होतं, हे सांगितलं. चौकशीच्या वेळी मी बोलायला हवं होतं, हेही सांगितलं. ते चिकू निवडत ऐकत राहिले.

"बुटांचं मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले. मग हातातला चिकू बाजूला ठेवून, "सांगितलंत ते बरं केलंत. तुम्हाला झोप लागेल."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांनी एका पिशवीत चिकू भरले, वरचेच नव्हे, हात खाली घालून नीट बघून. उन्हं कलली होती. मी उठलो. म्हणालो, "निघतो सावेभाई. शेवटची गाडी साडेपाचला आहे."

"साडेपाच?"

"हो, येतानाच स्टँडवर कंट्रोलरला विचारून आलो."

"बरं," ते म्हणाले. मग कुंपणापाशी गेले आणि पलीकडच्या वाडीत काम करणाऱ्या शेजाऱ्याला हाक मारून विचारलं, "अरे, शेवटची गाडी किती वाजता आहे रे?"

"साडेपाच," तिकडून उत्तर आलं.

"साडेपाचलाच आहे," सावे मला म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात दिली. मला वाटत नाही, आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं असेल.